वृद्धांची अरुची आणि घरच्या चुलीवरील पथ्य

वार्धक्यातील आहाराविषयी आपल्या शास्त्रात विपुल मार्गदर्शन आहे. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात वृद्ध रुग्णाच्या केसपेपरवर आहाराविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा निषेधाच्या स्वरूपाचे असते. आंबट बंद, तिखट बंद, वांगे बंद, हरभऱ्याची डाळ बंद, शिळे बंद. घरी गेल्यावर सुनेने किंवा मुलीने ही यादी तंतोतंत पाळली, की चौथ्या-पाचव्या दिवशी ताट तसेच परत येऊ लागते. 'आमची माय काहीच खाईना झालीय', 'आबांना केलेलं काहीच पसंत पडत नाही' अशी तक्रार मग सुरू होते. घरातील माणसे त्याला हट्ट म्हणतात, शेजारी 'म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण' म्हणून मोकळे होतात आणि वृद्धाचे वजन मात्र महिन्यागणिक उतरत राहते.

हा प्रश्न किरकोळ नाही. साठ-सत्तरीनंतर शरीराची झीज भरून काढण्याची शक्ती आधीच मंदावलेली असते. त्या वयात पंधरा दिवसांची उपासमारही मांसक्षय, बलक्षय आणि पडझड यांना निमंत्रण देते. म्हणून काय खाऊ नये, यापेक्षा काय खाता येईल, घरात काय होऊ शकेल आणि वृद्धाला काय रुचेल, या तीन प्रश्नांचा मेळ घालणे हे चिकित्सेचेच अंग मानले पाहिजे. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील सर्वसामान्य शेतकरी व मजूर कुटुंबाचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून हा विचार मांडला आहे.

हट्ट की लक्षण?

चरकाचार्यांनी जीर्णावस्था साठ वर्षांनंतर मानली आहे, तर सुश्रुताचार्यांनी सत्तरीनंतर. दोघांच्याही मते या वयात वाताचे प्राबल्य असते. धातू क्षीण होतात, अग्नी विषम होतो आणि त्याचा पहिला परिणाम जेवणावर दिसतो. आधुनिक दृष्टीनेही वयानुसार गंधज्ञान व रसज्ञान मंदावते, लाळ कमी सुटते, दात पडलेले असतात किंवा कवळी टोचत असते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारख्या औषधाने काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. अशा व्यक्तीला भाजी 'अळणी' लागली तर तो स्वयंपाक करणारीचा दोष नव्हे आणि खाणाऱ्याचाही नव्हे.

अरोचकाच्या कारणांत चरकसंहितेने वातादी दोषांबरोबर शोक, भय, अतिलोभ, क्रोध आणि मनाला न रुचणारे अन्न, गंध व रूप यांचाही समावेश केला आहे. ही दृष्टी फार मोलाची आहे. जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात जेवण तुटलेली माणसे आपण सर्वच पाहतो. स्मृतीचाही यात भाग असतो. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या पिढीने १९७२ चा दुष्काळ ऐन उमेदीत सोसला आहे. त्या काळी रेशनवर मिळालेली परदेशी लाल 'मिलो' ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी त्यांच्या जिभेवर अजून आहे. लालसर भाकरी पाहताच एखाद्या आजीने तोंड फिरवले, तर त्यामागे पन्नास वर्षांपूर्वीचे दिवस असू शकतात. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

ओकसात्म्य : विसरलेले सूत्र

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. आपण पहिल्या सातांचा विचार करतो, परंतु आठव्याकडे, म्हणजे खाणाऱ्याकडे, बहुधा दुर्लक्ष होते. ओकसात्म्य, म्हणजे दीर्घ सवयीने शरीराला मानवलेले अन्न, हे या उपयोक्त्यावरच अवलंबून असल्याचे चरक सांगतात. सुश्रुतानेही अरोचकाच्या चिकित्सेत सवयीचे व आपल्या प्रदेशाच्या पद्धतीने केलेले पदार्थ द्यावेत, असे सुचवले आहे. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायातील एक विधान तर प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवावे असे आहे. सततच्या वापराने किंवा चवीच्या अभावाने पथ्य नकोसे झाले, तर निरनिराळ्या कल्पनांनी ते पुन्हा प्रिय करावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे पथ्य रुचकर करणे हे वैद्याचे कर्तव्यच ठरते.

आपल्या जिल्ह्यातील एक उदाहरण पाहू. करडई हे मराठवाड्याचे जुने पीक. अग्र्यसंग्रहात (सूत्रस्थान, अध्याय २५) कुसुंभस्नेह, म्हणजे करडईचे तेल, हा स्थावर स्नेहांत अहिततम म्हटला आहे. वचनाप्रमाणे तो बंद करणे सोपे आहे. परंतु ज्या वृद्धाची फोडणी जन्मभर घाण्याच्या करडई तेलाची होती, त्याला एकाएकी सोयाबीनच्या रिफाइंड तेलातील भाजी दिली, तर 'भाजीला वास येतो' म्हणून तो ताट सारतो. अशा वेळी फोडणीपुरते एक चमचा करडई तेल ठेवावे आणि बाकीचा स्नेह तीळतेल किंवा तुपाच्या रूपाने द्यावा. ग्रंथवचन आणि ओकसात्म्य या दोहोंचा मान त्यात राखला जातो.

ज्वारी : एक धान्य, अनेक संस्कार

परभणी, जिंतूर, सेलूपासून गंगाखेड, पालमपर्यंत जुन्या पिढीचे अन्न म्हणजे ज्वारी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) या पिकावर दीर्घकाळ काम केले आहे. 'परभणी मोती' हा रब्बीचा वाण तेथलाच. लोह व जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. परंतु शेतातून रब्बी ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन व कापूस वाढला आणि रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ आला. परिणामी तरुणांचे जेवण पोळीवर गेले व वृद्धाला चावता न येणारी पोळी ताटात मिळू लागली. येथे कुटुंबाला एकच सुचवावे : सर्वांसाठी शक्य नसेल तर निदान वृद्धापुरती महिन्याला चार-पाच किलो ज्वारी वेगळी घ्यावी.

ज्वारी लघु परंतु रूक्ष आहे. वातप्रधान वयात ती कोरडी देऊ नये. करण, म्हणजे संस्कार, बदलून तिची पुढील रूपे करता येतात.

१. *कण्या.* जाडसर भरडलेली ज्वारी पाखडून कोंडा काढावा. अर्धी वाटी कण्या धुऊन पाच-सहा तास भिजत घालाव्यात. सहापट, म्हणजे तीन वाट्या पाण्यात मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवाव्यात. शार्ङ्गधराने यवागूसाठी सहापट पाण्याचेच प्रमाण दिले आहे, हे येथे लक्षात येईल. सैंधव, जिरेपूड व एक चमचा तूप घालून गरम द्याव्यात. आवडत असल्यास वरून ताजे ताक.

२. *दशमी.* दुधात पीठ मळून केलेली भाकरी. पाण्यातील भाकरीपेक्षा ती बराच वेळ मऊ राहते. घरातील माणसे सकाळी आठलाच शेतावर जातात आणि वृद्धाची दुपार एकट्याने जाते, अशा घरात ही फार उपयोगी पडते.

३. *कुस्करलेली भाकरी.* गरम भाकरीचा पापुद्रा काढून आतला भाग पातळ वरणात, ताकात किंवा दुधात कुस्करावा व दहा मिनिटे झाकून ठेवावा. दुधात कुस्करायची असल्यास पिठात मीठ नसावे. दूध व लवण यांचा संयोग टाळण्याची परंपरा आपल्या परिचयाची आहेच.

४. *आंबील.* दोन चमचे ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवावे. सकाळी पाणी घालून शिजवावे. जिरे, किंचित हिंग व मीठ पुरे. परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत दुपारचे जड जेवण नको म्हणणाऱ्या वृद्धाला हे पोटभर होते. आम्लपित्त किंवा रक्तपित्त असणाऱ्यांना मात्र देऊ नये.

डाळी, भाज्या आणि जिभेची ओढ

शमीधान्यांत मूग हिततम. परंतु 'मुगाचे पाणी' हा शब्द ऐकताच अनेक वृद्धांचा चेहरा उतरतो, कारण त्यांच्या मनात ते आजाऱ्याचे अन्न असते. तेच मूग थोडे भाजून, शिजवून, घोटून, लसूण-जिऱ्याची तुपातील फोडणी व दोन आमसुले घालून 'कढण' म्हणून वाढले, तर वाटी रिकामी होते. तुरीच्या वरणाची सवय असलेल्यांना निम्मी तूर व निम्मे मूग चालतात. हुलग्याचे पीठ भाजून, पाण्यात कालवून, जिरे व गूळ किंवा मीठ घालून केलेले माडगे थंडीत कफवातप्रधान वृद्धांना मानवते. हुलगा उष्ण असल्याने पित्तप्रकृतीला तो टाळावा.

जीभ मंद झाली की वृद्धाला आंबट-तिखट हवेसे वाटते. ती ओढ लोणचे-पापडाने भागवली, तर मिठाचे प्रमाण वाढते व रक्तदाब बिघडतो. त्याऐवजी चुका, अंबाडी किंवा चाकवत डाळीत घोटून पातळ भाजी करावी. आंबटपणा भाजीतूनच मिळतो, मीठ कमी लागते आणि बांधावरची भाजी विकत घ्यावी लागत नाही. अंबाडी मात्र एक उकळी देऊन पाणी काढल्यावरच वापरावी. शेवग्याच्या शेंगांचा गर काढून आमटीत घालावा, म्हणजे चोथ्याचा त्रास होत नाही. मराठवाड्याच्या घरोघरी असणारे येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळी व मसाल्यांचे पीठ, हेही येथे उपयोगी आहे. मिरची कमी, धने-जिरे अधिक असे वृद्धासाठी वेगळे येसर करून ठेवले, की पाच मिनिटांत आमटी होते आणि तिला ओळखीचा वासही असतो. गंधाने भूक चाळवते, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

जे मांसाहार करतात त्यांना मांसरस वर्ज्य नाही. किंबहुना क्षीण व वातप्रधान व्यक्तींत शास्त्राने तो प्रशंसिला आहे. आपल्या जिल्ह्यातील मुस्लिम कुटुंबांत होणारी यखनी, म्हणजे हाडांसह मांस मंद आचेवर शिजवून काढलेला रस, हा त्याचाच घरगुती अवतार होय. मसाला सौम्य ठेवून, वरची जादा चरबी काढून ती द्यावी. अंडे चालत असल्यास रोज एक उकडून, आमटीत कुस्करून देता येते. ते स्वस्तही पडते.

पेजेची मर्यादा

या ठिकाणी एका प्रचलित चुकीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. मंड चौदापट पाण्यात, विलेपी चौपट पाण्यात, हे क्रम शोधनानंतर किंवा अग्नी मंद झाला असता त्याला पायरीपायरीने वर आणण्यासाठी आहेत. वृद्ध जेवत नाही म्हणून घरची मंडळी तांदळाची पेज सुरू करतात, ती पचते म्हणून महिनोन्महिने चालू ठेवतात आणि अशक्तपणा वाढला की पेज आणखी पातळ करतात. पायरीवर चढायचे असते, तेथे राहायचे नसते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ४५ किलो वजनाच्या आजींना हे प्रमाण सुमारे ३७ ग्रॅम होते. हे महाग डब्यांतील पावडरीशिवाय भागते का? १२० ग्रॅम ज्वारीतून सुमारे १२ ग्रॅम, ४० ग्रॅम डाळीतून ९, पाव लिटर दुधातून ८, २० ग्रॅम शेंगदाण्यांतून ५ आणि अर्ध्या वाटीहून थोड्या अधिक दह्याच्या ताकातून ३ ग्रॅम मिळतात. बेरीज ३७. शेंगदाणे चावत नसतील तर भाजून कूट करावा व तो भाजीत, कण्यांत किंवा गुळाबरोबर द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांत मात्र हे प्रमाण तपासण्या पाहूनच ठरवावे.

नावडते द्यायचे, आवडते कमी करायचे

वृद्धाची आवड नेहमीच हितकर असते, असे नाही. रोज ठेचा हवा, सतत चहा-टोस्ट हवा, रात्री उशिरा भजी हवीत, अशाही आवडी असतात. त्या एकदम तोडू नयेत. अभ्यस्त अपथ्य चौथाई-चौथाईने सोडावे आणि पथ्य तितक्याच भागाने आणावे, हा पादांशिक क्रम चरक व वाग्भट या दोघांनीही सांगितला आहे. ठेच्याचेच उदाहरण घ्या. पहिल्या आठवड्यात मिरचीचा चौथा भाग कमी करून तेवढा भाजलेला तीळ किंवा शेंगदाण्याचा कूट घालावा. दुसऱ्या आठवड्यात निम्मा, तिसऱ्यात पाऊण. महिन्याच्या अखेरीस ताटात ठेचा राहतो, त्याचा वास राहतो, पण तो मिरचीऐवजी बव्हंशी तिळाचा झालेला असतो. ठेचाच काढून घेतला असता, तर भाकरीही गेली असती.

नवा पदार्थ देताना तो भुकेच्या वेळी, थोडा आणि आवडत्या पदार्थाशेजारी द्यावा. 'हे तुमच्या तब्येतीसाठी आहे' असे सांगून वाढलेले अन्न बहुधा परत येते. 'हे तुमच्या हातचं होतं तसं झालंय का बघा, आत्याबाई,' असे म्हणून सुनेने वाढले, तर आजी निदान चव घेतात आणि मीठ-मसाल्याची सूचनाही करतात. ज्या बाईने पन्नास वर्षे चूल सांभाळली, तिला निव्वळ खाणारी करून बसवणे हेही अरुचीचे एक कारण आहे. लसूण सोलणे, मेथी निवडणे एवढे काम हाती दिले तरी जेवणाशी नाते टिकते.

वेळ, सोबत आणि खर्च

चिंता, शोक, भय, क्रोध असता मात्रेने घेतलेले पथ्यही पचत नाही, असे विमानस्थानात स्पष्ट म्हटले आहे. उष्ण, स्निग्ध, योग्य मात्रेत, पूर्वीचे जिरल्यावर, मनाजोग्या जागी व मन लावून जेवावे, हे आहारविधीचे नियम आपण रुग्णाला सांगतो. सकाळी सातचा स्वयंपाक दुपारी एकला गार, एकट्याने, खाटेवर बसून खाणाऱ्या वृद्धाला त्यातला एकही पाळता येत नाही. उपाय मोठे नाहीत. कण्या किंवा कढण थर्मासमध्ये भरून ठेवावे. मोठे जेवण संध्याकाळी सर्वांबरोबर, परंतु दिवेलागणीच्या सुमारास द्यावे. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार लहान करावीत. शाळेतून आलेल्या नातवाने आजोबांबरोबर ताट घ्यावे.

खर्चाविषयी बोलताना वैद्याने शासकीय तरतुदींचीही माहिती ठेवावी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ खालील प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्य ठरलेले आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले. निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे मासिक साहाय्य २०२३ मध्ये १००० वरून १५०० रुपये करण्यात आले. हे पैसे वृद्धाच्या नावाचे असतात. त्यातून त्यांचे दूध व ज्वारी आधी यावी, एवढे आपण मुलांना सौम्यपणे सांगू शकतो. वैद्याच्या शब्दाला गावात वजन असते.

केव्हा थांबावे

आहारकल्पनेचा आग्रह धरताना दक्षताही हवी. प्रयत्नाविना सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले, घास अडकू लागला, जेवताना वारंवार ठसका लागू लागला, काळी शौचप्रवृत्ती झाली, सतत ओकारी झाली, तर ती केवळ अरुची नव्हे. त्वरित तपासणीसाठी पाठवावे. अर्धांगवातानंतर गिळणे बिघडलेल्या रुग्णास पातळ पाणीदार पदार्थच अधिक धोक्याचे ठरू शकतात. तेथे घट्टपणा तज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. त्यामुळे 'जेवला नाही तर राहू द्या' हे अशा घरी कधीही सांगू नये. आणि ज्यांचे मन उदास आहे, झोप उडाली आहे, त्यांना केवळ आमटीने बरे वाटणार नाही. त्याकडे स्वतंत्र लक्ष द्यावे.

समारोप

वैद्यबंधु-भगिनींना या निमित्ताने एक विनंती आहे. वृद्ध रुग्णाचे पथ्य लिहिण्यापूर्वी केसपेपरवर पाच प्रश्नांची उत्तरे घ्यावीत : लहानपणापासून कोणते धान्य खाल्ले? आता काय चावता व गिळता येते? कोणत्या पदार्थाची आठवण येते? स्वयंपाक कोण करते व तिला वेळ किती असतो? दुपारी सोबतीला कोण असते? या पाच उत्तरांवरून जे पथ्य सुचेल, ते त्या घरात होऊ शकेल. 'काय बंद' या यादीच्या वर 'काय सुरू' असा रकाना असावा आणि त्यात निदान तीन पदार्थ, त्यांचे प्रमाण व कृती लिहिलेली असावी. बंदची यादी मग आपोआपच लहान होते.

सोनपेठ, पाथरी, मानवत, पूर्णा येथील घरोघरी अशा अनेक पाककृती आहेत, ज्या त्या करणाऱ्या आजींबरोबर निघून चालल्या आहेत. आपापल्या परिसरातील अशा कृती, त्यांचे प्रमाण व कोणत्या प्रकृतीला त्या मानवल्या याची नोंद व्यवसायबंधूंनी ठेवली, तर ती रुग्णांच्या कामी येईलच. शिवाय ओकसात्म्याचा अभ्यास करणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याला ग्रंथात न मिळणारे साहित्य त्यातून मिळेल.